प्लास्टिकची अग्निरोधकता व यांत्रिक सामर्थ्य : एक विवेचन

बहुतेक प्लास्टिके कार्बन व हायड्रोजन यांच्या दीर्घ साखळ्यांनी बनलेली असल्याने ज्वलनशीलता हा त्यांचा अंगभूत दोष होय. तो दूर करणारी द्रव्ये उपलब्ध आहेत. परंतु त्यांपैकी अनेक द्रव्ये प्लास्टिकचे बळच हिरावून घेतात. या विरोधाभासाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ब्रोमीनयुक्त संयुगे ज्वालेतील मुक्त मूलकांना निष्प्रभ करतात व अल्प प्रमाणातही परिणामकारक ठरतात. तथापि त्यांपैकी काही सजीवांच्या शरीरात साठत असल्याने स्टॉकहोम करारान्वये २००९ व २०१७ साली त्यांवर बंधने आली. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड हा निरुपद्रवी पर्याय आहे. सुमारे २०० अंश सेल्सिअस तापमानास त्याचे विघटन होऊन वजनाच्या जवळजवळ एक-तृतीयांश पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते व उष्णता शोषली जाते. अडचण आहे ती प्रमाणाची. केबलच्या आवरणात ते वजनाने ६० टक्क्यांच्या आसपास मिसळावे लागते. एवढ्या भरणद्रव्यानंतर उरते ते प्लास्टिक कमी आणि दगड अधिक! ताणल्यावर लांबण्याची क्षमता घटते, आघाताने तडे जातात. कणांवर सायलेनचा लेप दिल्यास पकड सुधारते, पण मूळ प्रश्न सुटत नाही.

१९८०च्या दशकात जपानमधील टोयोटाच्या संशोधकांनी नायलॉन-६ मध्ये माँटमोरिलोनाइट या चिकणमातीचे सुमारे एक नॅनोमीटर जाडीचे थर विखुरले. अवघ्या काही टक्के मातीने ताणसामर्थ्य व ताठरता दोन्ही वाढली. पुढे अमेरिकेतील राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेत असे आढळले, की ५ टक्के मातीमुळे उष्णता-उत्सर्जनाचा कमाल दर ६३ टक्क्यांनी उतरतो. जळताना मातीचे थर पृष्ठभागावर साचून कवच तयार होते व इंधनवायूंची वाट अडते.

मात्र एकूण उष्णता फारशी कमी होत नाही, आणि पेट घेण्यास विलंबही लागत नाही. म्हणूनच उभ्या नमुन्याच्या ज्वलन चाचणीत केवळ माती सहसा पुरेशी ठरत नाही. ती पर्याय नव्हे, सहायक आहे. इथिलीन-व्हिनाइल ॲसिटेटच्या केबल-आवरणात ५ टक्के माती घातल्यास हायड्रॉक्साइड ६५ वरून ४५ टक्क्यांवर आणता येते; गमावलेली लवचिकता परत मिळते ती येथे. थर नीट विलग झाले नाहीत तर मातीच्या गुठळ्यांपासूनच तडे सुरू होतात. यास्तव ऑक्सिजन निर्देशांक देऊन ताणसामर्थ्याविषयी मौन बाळगणारे प्रयोग-अहवाल अपुरेच मानावे लागतील.