गाडी निळा धूर सोडते : इंजिन उघडावे की चालवावे?

गाडी निळा धूर सोडू लागली की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, चालते आहे तोवर चालवा. दुसरा म्हणतो, एकदाचे इंजिनचे काम करून टाका, रोजची कटकट नको. दोन्ही पक्षांचे म्हणणे खरे असू शकते, पण बहुधा दोघेही अंदाजानेच बोलत असतात. ज्या घरात एकच मोटारसायकल आहे, त्याच गाडीवर कामावर जाणे, मुलीला कॉलेजच्या एस.टी.पर्यंत सोडणे, आठवड्याचा बाजार आणि रात्री-अपरात्रीचा दवाखाना आहे, तेथे हा अंदाज महागात पडतो. वाचक बंधु-भगिनींनी हा घरखर्चातला मोठा निर्णय समजावा, तो एकट्या गाडी चालविणाऱ्यावर सोडू नये, असे आम्हांस वाटते.

येथे आम्ही १०० सीसीच्या हिरो होंडाविषयीच बोलणार आहोत, कारण आपल्याकडे सर्वांत जास्त घरांनी पाहिलेली गाडी तीच. सीडी १०० ही १९८५ साली आली, स्प्लेंडर १९९४ साली. दोघींचे इंजिन एकाच घराण्यातले, ९७.२ सीसीचे. पुढे २०११ साली हिरो आणि होंडा वेगळे झाले आणि टाकीवरचे जोडनाव गेले. पण ते नाव मिरवणाऱ्या गाड्या खेडोपाडी आजही धावत आहेत. त्यांचे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात आणि हे इंजिन बऱ्याच मिस्त्रींना तोंडपाठ असते.

आता धुराकडे वळू. ज्यांनी राजदूत किंवा जुनी बजाज स्कूटर चालविली, त्या वडीलधाऱ्यांना धुराचे काही वाटत नाही. त्या गाड्या टू-स्ट्रोक. त्यांत पेट्रोलमध्येच ऑईल मिसळावे लागे, ते जळे, धूर निघे. हिरो होंडा फोर-स्ट्रोक आहे. तिचे ऑईल खाली इंजिनातच राहायला हवे. सायलेन्सरमधून निळा धूर आला याचा अर्थ ते ऑईल वर जळणाच्या जागी पोचते आहे. काळा धूर असेल तर पेट्रोल जास्त जाते. त्यासाठी कार्बोरेटर आणि एअर फिल्टर पाहावा, इंजिनला हात लावू नये. थंडीच्या सकाळी दिसणारी पांढरी वाफ ही नुसती वाफ होय.

निळ्या धुरातही फरक आहे. सकाळी पहिल्या किकला भपकन धूर येतो आणि दोन मिनिटांत थांबतो, किंवा घाट उतरून पुन्हा रेस दिली की येतो, तर संशय हेडमधल्या व्हॉल्व्ह सीलवर घ्यावा. सील रबराचे, स्वस्त. तेवढ्यासाठी बोअर करायची गरज नसते. पण गाडी गरम झाल्यावरही, चढावर, दोघे बसलेले असताना धूर सतत पाठीमागे येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा आणि ब्लॉक झिजला, असे समजण्यास जागा आहे.

आमच्या घरची स्प्लेंडर २००८ सालची आहे. आम्ही ती २०१४ साली जुनी म्हणून घेतली. २०२३ साली पंधरा वर्षे झाल्यावर आर.टी.ओ.त पर्यावरण कर भरून पुन्हा नोंदणी केली. ती पाच वर्षांची, म्हणजे २०२८ पर्यंतची. तिने धूर धरला, तेव्हा गॅरेजवाल्याने गाडी स्टँडवर लावायच्या आतच सांगितले, "इंजिन उतरवावे लागेल." उतरवावे लागेलही, पण कशावरून, हे विचारण्याचा हक्क पैसे देणाऱ्याला आहे.

म्हणून प्रथम माप घेतले. इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून बंद केले, तेवढाच वेळ थांबलो, गाडी मेन स्टँडवर सरळ उभी केली आणि ऑईलची पट्टी पुसून, आटे न फिरवता नुसती टेकवून पाहिली. वरच्या खुणेपर्यंत ऑईल भरले आणि कॅलेंडरवर किलोमीटर लिहिले. पुढे जेवढे ऑईल टाकावे लागले, तेवढे औषधाच्या बाटलीच्या टोपणाने मोजून टाकले. हजार किलोमीटरला सुमारे १५० मिलिलिटर लागले. आमचे हजार किलोमीटर म्हणजे साधारण महिना. ऑईलचा भाव लिटरला ४०० रुपयांच्या आसपास धरला, तर हा महिन्याचा खर्च ६० रुपये झाला. साठ रुपये वाचविण्यासाठी आज कित्येक हजार घालावेत काय?

पण हिशेब येथे संपत नाही. या इंजिनात ऑईल असते जेमतेम लिटरभर. महिन्याला अर्धा लिटर खाणाऱ्या गाडीचाही खर्च २०० रुपयेच दिसतो. मात्र चार आठवडे पट्टी पाहिली नाही तर इंजिन अर्धे कोरडे होते आणि मग झिजायचे ते सगळेच झिजते. खरा धोका विसरण्याचा आहे. ज्या घरात दर रविवारी पट्टी पाहणारे कोणी आहे, तेथे थोडे ऑईल खाणारे इंजिन खुशाल चालवावे. हे काम मुलीला द्यावे, मुलालाच द्यावे असे नाही.

यानंतर कॉम्प्रेशन तपासून घेतले. हे मीटर प्रत्येक गॅरेजात नसते, जिल्ह्याच्या गावी मिळते. इंजिन गरम करून प्लग काढायचा, त्या भोकात मीटर लावायचे, रेस पूर्ण उघडी धरून किक मारायच्या आणि आकडा लिहायचा. मग त्याच भोकातून चमचाभर इंजिन ऑईल सोडून पुन्हा किक मारायच्या. आकडा वाढला तर रिंगा व ब्लॉक झिजलेले, कारण ऑईलने फट तात्पुरती बुजली. वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेडचे गॅस्केट पाहायचे. आमचा आकडा वाढला. म्हणजे गॅरेजवाल्याचा अंदाज बरोबर होता, फक्त घाई बरोबर नव्हती.

एका बाबतीत मात्र थांबू नये. इंजिनच्या खालून, पोटातून, जड ठोका येऊ लागला आणि चढावर तो वाढत असेल, तर कनेक्टिंग रॉडची बेअरिंग गेली, असे धरावे. वरची बारीक टकटक टॅपेटची असते, खळखळ टायमिंग चेनची. त्यांना थोडा वेळ देता येतो. खालच्या ठोक्याला वेळ देता येत नाही. रॉड रस्त्यात तुटला तर केसिंगही फुटू शकते आणि चाक जागच्या जागी अडकू शकते. मागे लेकरू बसलेले असताना असा प्रयोग कोणी करू नये.

काम करायचे ठरले तर अर्धवट करू नये. लंबगोल झिजलेल्या ब्लॉकमध्ये नुसत्या नव्या रिंगा टाकल्या की थोडे महिने धूर थांबतो आणि पुन्हा येतो. मजुरी दोनदा जाते. आधी पिस्टन विकत घ्यावा, मग त्या पिस्टनच्या मापाने ब्लॉक बोअर करून घ्यावा. हेड उघडलेलेच असते, तेव्हा व्हॉल्व्ह घासणे, सील आणि टायमिंग चेन त्याच वेळी पाहावी. ब्लॉक उतरला की रॉड हाताने वर-खाली ओढून पाहावा. बाजूला थोडा हलतो ते चालते. वर-खाली मुळीच हलता कामा नये. खिळखिळ्या रॉडवर नवा पिस्टन बसविणे म्हणजे पैसे पाण्यात. काढलेले भाग मागून घ्यावेत.

भंगारातले तयार इंजिन बसवून देतो, असेही सांगणारे भेटतात. इंजिन नंबर केसिंगवर असतो आणि तोच आर.सी. बुकात असतो. नंबर जुळला नाही तर पोलीस, विमा आणि आर.टी.ओ. तिन्हीकडे उत्तर द्यावे लागते. बोअर केल्याने नंबर बदलत नाही.

नवी १०० सीसी गाडी घ्यायची तर मोठी रक्कम लागते आणि हप्ता सुरू होतो. म्हणून आम्ही दोघांनी बसून ठरविले : ठोका नाही तोवर चालवायची, महिन्याला ५०० रुपये बाजूला टाकायचे आणि मे महिन्यात इंजिन उघडायचे. तेव्हा कॉलेजला सुटी असते, गाडी आठ दिवस उभी राहिली तरी कोणाची हजेरी बुडत नाही. बोअर केल्यावर पहिले ५०० किलोमीटर सावकाश चालवून ऑईल बदलायचे, तेही पैसे त्यातच धरले आहेत.

एक गोष्ट मात्र ब्लॉक उतरल्याशिवाय कळणार नाही. आधीच्या मालकाने इंजिन किती वेळा बोअर केले, हे पिस्टनच्या डोक्यावरच्या आकड्यावरून समजते. पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिलिमीटर अशा चढत्या मापांत येतात. पहिल्या तीनपैकी आकडा निघाला तर पुढच्या मापाला बोअर होईल. १.०० निघाला तर नवा ब्लॉकच घ्यावा लागेल, आणि मग मे महिन्यापर्यंत साठलेले पुरणार नाहीत.