पहिल्या रांगेचा मान

नाटकाची पहिली रांग म्हणजे मानकऱ्यांची, हे आपल्या अंगवळणी पडले आहे. नाटकावर जीव टाकणारा विद्यार्थी मात्र बाल्कनीच्या टोकाला! म्हणूनच न्यूयॉर्कची एक हकिगत आम्हांस सांगावीशी वाटते.

एप्रिल १९९६ मध्ये तेथील ब्रॉडवेवर 'रेंट' हे संगीत नाटक आले. भाड्याला महाग झालेल्या तरुण कलावंतांची ही कथा. तिचा कर्ता जोनाथन लार्सन उपाहारगृहात वाढप्याचे काम करीत लिहीत असे. छोट्या नाट्यगृहात पहिला जाहीर प्रयोग ठरला होता, त्याच दिवशी, २५ जानेवारी १९९६ रोजी, वयाच्या ३५ व्या वर्षी तो वारला.

ज्यांची कथा त्यांनाच ती परवडू नये, हे कसे चालावे? निर्मात्यांनी पहिल्या दोन रांगा प्रयोगाच्या दिवशीच विकण्यासाठी राखल्या; दर अवघा २० डॉलर. तरुण मंडळी पदपथावर रात्री काढू लागली. पुढे रांगेऐवजी चिठ्ठ्या काढण्याची पद्धत आली आणि ताटकळणे संपून नशिबाची परीक्षा सुरू झाली. नाटक २००८ पर्यंत चालले. २०१५ साली ब्रॉडवेवर आलेल्या 'हॅमिल्टन'नेही सोडतीची तिकिटे १० डॉलरला दिली. त्या नोटेवर हॅमिल्टनचेच चित्र आहे!

बेळगाव असो, इंदूर असो वा बडोदे, आपली मुले मराठी नाटकाला येत नाहीत, अशी खंत आपण नेहमी करतो. पण आलेल्या मुलांना आपण बसवतो कोठे? पुढच्या प्रयोगाला मंडळांनी पहिल्या रांगेतल्या चार खुर्च्या त्यांच्यासाठी अल्प दरात राखून पाहाव्यात. मानकरी दुसऱ्या रांगेत बसले, तर त्यांचा मान उणा होणार नाही.