भासनाटकांच्या कर्तृत्वाच्या खुणा

इ. स. १९०९ मध्यें त. गणपतिशास्त्री यांस पद्मनाभपुराजवळील मणलिक्कर मठांत मल्याळी लिपींतील एक ताडपत्राची पोथी मिळाली. पत्रें १०५, तींत दहा नाटकें पूर्ण व अकरावें त्रुटित. पुढें आणखी मिळून संख्या तेरा झाली, व १९१२ पासून तीं त्रिवेंद्रमच्या संस्कृत ग्रंथमालेंत प्रसिद्ध झालीं. एकाही नाटकाच्या स्थापनेंत कर्त्याचें नांव नाहीं. तथापि शास्त्र्यांनीं तीं भासाचीं ठरविलीं, तीं मुख्यतः रचनेच्या खुणांवरून. ह्या खुणांचें बळ किती, हें पोथीसंग्राहकांनीं तपासून पाहण्यासारखें आहे.

पहिली खूण आरंभाची. कालिदासादिकांच्या छापील नाटकांत आधीं नांदीश्लोक येतो व मग नांदी संपून सूत्रधार आल्याची सूचना. ह्या पोथींत सूचना आधीं असून मंगलश्लोक सूत्रधाराच्या तोंडीं आहे. बाणानें हर्षचरितांत भासाच्या नाटकांस सूत्रधारकृत आरंभ, बहुत भूमिका व पताका अशीं तीन विशेषणें दिलीं आहेत. त्यांतील पहिल्याशीं हें जुळतें, असें शास्त्र्यांचें म्हणणें. परंतु बाणाचें वचन श्लिष्ट आहे. देवळाकडे लावितां सूत्रधार म्हणजे शिल्पी, भूमिका म्हणजे मजले, पताका म्हणजे निशाण. श्लेषाच्या सोयीनें निवडलेल्या शब्दांवर सर्व भार टाकणें धोक्याचें होय. शिवाय १९१७ मध्यें छापलेलें पल्लव महेंद्रवर्म्याचें मत्तविलास व शक्तिभद्राचें आश्चर्यचूडामणि यांचाही आरंभ असाच असून, इतर कवींच्या नाटकांच्या दक्षिणेकडील पोथ्यांतही हा क्रम आढळतो. तेव्हां ही खूण कवीची नसून लेखनपरंपरेची ठरते.

दुसऱ्या खुणा संविधानकांतच विणलेल्या आहेत. स्वप्नवासवदत्ताच्या मंगलश्लोकांत बलरामाच्या बाहूंचें वर्णन करितां करितां उदयन, वासवदत्ता, पद्मावती व वसंतक हीं पात्रांचीं नांवें गुंफिलीं आहेत, हा मुद्रालंकार. प्रतिज्ञायौगंधरायणांत राजा राणीस, कन्येस कोणता वर योग्य, असें विचारतो, तोंच कंचुकी ‘वत्सराज’ असें म्हणत प्रवेश करितो. त्याला सांगावयाची असते वत्सराज पकडला गेल्याची वार्ता. प्रेक्षकांस मात्र प्रश्नाचें उत्तर मिळून जातें. हें पताकास्थान. ऊरुभंगांत दुर्योधन रंगभूमीवरच प्राण सोडतो. पुढील नाट्यशास्त्रकारांस हें निषिद्ध. असल्या गोष्टी नकलकाराच्या हातून सहजीं शिरत नाहींत. मात्र पताकास्थान वेणीसंहारांतही आहे. म्हणून सुटी एकेक खूण कर्त्याचें नांव सांगूं शकत नाहीं.

नांवाचा आधार बाहेरचा. भासाचीं नाटकें परीक्षेसाठीं अग्नींत टाकिलीं असतां स्वप्नवासवदत्त जळालें नाहीं, अशा अर्थाचा राजशेखराचा श्लोक, यादव कृष्णाच्या कारकीर्दींत १२५८ मध्यें सिद्ध झालेल्या जल्हणाच्या सूक्तिमुक्तावलींत आहे. म्हणजे त्या नांवाचें नाटक भासाचें होतें, हें निश्चित. पण नाट्यदर्पणकारांनीं त्यांतून घेतलेला एक श्लोक छापील पाठांत मिळत नाहीं. यावरून हातीं आलेला पाठ नटांनीं रंगभूमीसाठीं कांटछाट केलेला असावा, असा संशय येतो.

यांतून निघणारा धडा असा. नाटकाच्या पोथीची नक्कल करितांना आद्य व अंत्य पत्रें, सूचनांचा क्रम, स्थापना कीं प्रस्तावना हा शब्द, सारें जसेंच्या तसें उतरावें. रूढ क्रमास जुळविण्यासाठीं केलेली एक दुरुस्तीही साक्षीदाराचें तोंड कायमचें बंद करते.