शेवंतीला विषाची गरज नाही



६ डिसेंबरला आपल्या पवनीत विहाराकडे निघालेल्या कितीतरी बायांच्या हातात घरच्या शेवंतीची फुलं असतात. या फुलाचं वेळापत्रक आपल्या वर्षाशी छान जुळतं. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो तेव्हा काडी लावायची. आश्विन पौर्णिमेच्या सुमारास कळ्या दिसू लागतात आणि डिसेंबरात झाड भरून येतं. आरोग्याच्या पानावर फुलझाडाचं काय काम, असं कुणी विचारेल. काम आहे, आणि ते मला वॉर्डात कळलं.

मी नोकरीत होते तेव्हाची गोष्ट. नोव्हेंबरातली संध्याकाळ होती. पाच-सहा वर्षांच्या पोराला त्याची आजी उचलून घेऊन आली. तोंडातून लाळ गळत होती, अंग घामाने भिजलेलं, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. मिरचीच्या वावरातलं उरलेलं औषध थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवलं होतं. शेवंतीवर मावा पडला म्हणून आजीने ती बाटली अंगणात काढली. पोराला बाटली ओळखीची वाटली, त्याने तोंडाला लावली. डॉक्टरांनी लगेच ॲट्रोपिन सुरू केलं. रात्रभर मी त्याची नाडी आणि बाहुल्या बघत होते. पोरगा वाचला. आजी मात्र खाटेशी बसून एकच म्हणत होती, "माह्या फुलांपायी झालं वो सिस्टर."

फुलांपायी नाही झालं. झालं ते आपण विषाला 'औषध' म्हणतो त्यापायी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन २०च्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, ते याच 'औषधा'ने. धान आणि मिरचीच्या आपल्या भागात हे डबे घरोघरी असतात. ते अंगणातल्या चार कुंड्यांसाठी उघडायचं काहीच कारण नाही. शेवंती मुळात चिवट आहे. तिच्यावर रोग-कीड येते ती बहुतेक वेळा आपल्याच चुकांमुळे.

पहिली चूक जागेची. शेवंतीला दिवसातून पाच-सहा तास ऊन हवं. जागा सावलीची असली की झाड लांबुळकं, कमजोर होतं. पण रात्री तिला अंधार लागतो. दिवस लहान आणि रात्र मोठी होऊ लागली की ती कळ्या धरते. ओसरीच्या दिव्याखाली किंवा रस्त्याच्या खांबाजवळ ठेवलेली कुंडी कळ्या का धरत नाही, याचं उत्तर बऱ्याचदा तो दिवाच असतो.

दुसरी चूक पाण्याची. दोन वाटे माती, एक वाटा कुजलेलं शेणखत आणि एक वाटा रेती असं मिश्रण घ्या. सांदवाडीत जमिनीवर लावायची तर वाफा वीतभर उंच करा, म्हणजे पावसाचं पाणी मुळाशी थांबणार नाही. रोपांत हातभर अंतर ठेवा. पाणी बुडाशी घाला, पानांवर नको. ओली पानं रात्रभर राहिली की काळे ठिपके पडतात. ठिपक्यांची पानं खुडून टाका. कुंडीखाली ताटली ठेवत असाल तर आठवड्यातून एकदा ती रिकामी करून घासून कोरडी करा. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ पाण्यात वाढतो आणि त्याची अंडी ताटलीच्या कडेला चिकटून राहतात.

तिसरी चूक युरियाची. झाड लवकर वाढावं म्हणून मूठभर युरिया टाकला की शेंडे कोवळे, रसरशीत होतात, आणि मावा नेमका तिथेच बसतो. महिन्यातून एकदा ओंजळभर शेणखत पुरे.

काडी शेंड्याची, चार बोटं लांब घ्या. खालची पानं काढून ओल्या रेतीत रोवा. दोन-तीन आठवड्यांत मुळं फुटतात. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा, फांद्या फुटतात. असं दोन-तीनदा करा, पण ऑगस्ट संपला की खुडणं थांबवा, नाहीतर कळ्याच जातील. झिपरी, रेवडी, सोनाली तारा यांपैकी जी शेजारणीच्या दारात फुलते तीच घ्या, ती इथल्या हवेला सरावलेली असते.

इतकं करूनही मावा आलाच तर सकाळी पाण्याची जोराची धार शेंड्यांवर मारा. दोन-तीन दिवस लागोपाठ केलं की बराच जातो. उरला तर ५० ग्रॅम निंबोळी कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्याने गाळा, चिमूटभर साबणचुरा घाला आणि संध्याकाळी फवारा. तेही पोरांच्या हाताला लागेल असं ठेवू नका. शेवंतीची छाटणी करताना कुणाच्या हाताला खाज सुटते, पुरळ येतं. त्यांनी हातमोजे घालावेत.

आता घरात असलेल्या डब्यांविषयी. मूळ डब्यातून विष दुसऱ्या कशातही ओतू नका. लेबलवर चौकोन असतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे निरुपद्रवी नव्हे. डबा कुलपात ठेवा. उरलेलं नालीत, नदीत ओतू नका.

कुणाच्या पोटात गेलंच तर उलटी करवू नका. मिठाचं पाणी, दूध, तूप काही पाजू नका. अंगावर सांडलं असेल तर कपडे काढून साबणाने भरपूर धुवा, धुणाऱ्याने हातात मोजे किंवा प्लास्टिकची पिशवी घालावी. माणूस बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवा. १०८ ला फोन करा, आणि डबा लेबलासकट दवाखान्यात सोबत न्या. कोणतं विष आहे हे कळलं की डॉक्टरांचा वेळ वाचतो, आणि तिथे वेळच जीव वाचवतो.

फुलं संपली की फेब्रुवारीत झाड चार बोटं ठेवून कापा. बुडातून काश्या फुटतील. वैशाखातल्या उन्हात त्यांना अर्धी सावली आणि रोज पाणी द्या, आषाढात पुन्हा लावा. जास्तीच्या काश्या शेजारी वाटा.

पण त्याआधी, हे पान वाचून झालं की एकदा अंगणात आणि माजघरात फिरून या. थंड पेयाच्या बाटलीत काही भरून ठेवलेलं आहे का, बघा.