१४ एप्रिलची अपॉइंटमेंट

२०२३ सालच्या एप्रिलमधील गोष्ट. नागपूरचे ऊन सुरू झाले होते, आईची तब्येत बरी नव्हती आणि कूलरने काही भागत नव्हते. शेवटी हप्त्याने एसी घेतला. दुकानदाराने विचारले, "फिटिंगला माणूस कधी पाठवू?" मी म्हटले, "१४ एप्रिलला सकाळी. त्या दिवशी मला सुट्टी आहे." मी कारकून. माझ्या सुट्टीचा पगार कापला जात नाही. येणाऱ्या माणसाला सुट्टी आहे की नाही, हा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही.

सकाळी दहाची वेळ दिली होती. बारा वाजले, दोन वाजले. मी सहा वेळा फोन केला आणि शेवटच्या फोनवर नको ते बोललो. चार वाजता विशीतला एक मुलगा ड्रिल मशीन खांद्यावर घेऊन घामाघूम होऊन दारात उभा राहिला. आत येताच भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे त्याचे लक्ष गेले. हात जोडून म्हणाला, "जय भीम, काका. माफ करा, उशीर झाला." मला कुठे तोंड लपवू असे झाले.

आदल्या रात्री बारा वाजता तो संविधान चौकात होता. सकाळी आठपासून आमचे घर पाचवे. वस्तीतल्या रॅलीतून मित्रांचे फोन येत होते, तो ते कापत होता. आयटीआयचा दोन वर्षांचा कोर्स केलेला हा मुलगा, पण त्याला महिन्याचा पगार नाही. कॉलमागे पैसे. कॉल नाही तर पैसे नाहीत, आणि सणाच्या दिवशी नाही म्हटले तर पुढचे आठ दिवस कॉल कमी मिळतात. "दसऱ्यालाही असंच," तो म्हणाला. "आई दीक्षाभूमीवर भोजनदानात वाढायला असते. कामाला लागल्यापासून मी एकदाही गेलो नाही. लोकांना नवीन टीव्ही, मशीन त्याच दिवशी लावून पाहिजे."

काही घरांत आधी आडनाव विचारतात, हेही त्याने सांगितले. मग पाण्याचा ग्लास कोणता द्यायचा ते ठरते.

काम करताना मी पाहत होतो. भिंतीला भोक पाडायचे, बाहेर स्टँड ठोकायचा, पंचवीस-तीस किलोचे युनिट उचलून त्यावर ठेवायचे, तांब्याचे पाइप जोडायचे. मग व्हॅक्यूम पंप लावून पाइपातली हवा आणि ओल काढायची. त्याला पंधरा-वीस मिनिटे लागतात, आणि घाई झाली की नेमके तेच टाळले जाते. नीट काम करायचे तर दीड-दोन तास हवेतच. एका घरी भिंत जाड निघाली, दुसऱ्या घरी वीजेचा पॉइंटच तयार नसला, की पुढच्या सगळ्या वेळा कोलमडतात. ऑफिसात बसलेल्याने मात्र पाच घरांना "सकाळी" असे सांगून ठेवलेले असते. शिव्या खातो हा.

ग्राहकाचेही चुकते असे नाही. आपल्या वस्तीत रोजाने जाणारी माणसे आहेत. "दहा ते सहा कधीही येऊ" म्हटले की चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईचा दिवस बुडतो. तिने नेमकी वेळ मागितली तर ती हट्टी नाही. पण भांडण वेळ वाटणाऱ्याशी करावे. मुलाचा नंबर आधी घ्यावा, निघताना फोन कर म्हणावे, पॉइंट तयार ठेवावा.

सुट्टी कोणी दान म्हणून दिलेली नाही. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवार मिळाला. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री होते. कारखान्यातील कामगारांना पगारी सुट्टी देणारा कायदा त्यांच्याच काळात १९४५ साली झाला, आणि आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले ते १९४६ साली. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठ पगारी सुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ठरलेल्या. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्यापूर्वी मिळून ठरवायच्या. त्या दिवशी काम घेतले तर दुप्पट मजुरी आणि बदली रजा. म्हणजे १४ एप्रिल आणि दसरा मागायची वेळ डिसेंबरमध्ये असते, हे आपल्या किती मुलांना ठाऊक आहे? लहान दुकानांना हा कायदा पुरता लागू नाही, आणि कॉलप्रमाणे पैसे घेणाऱ्याला मालक कामगार मानायलाच तयार नसतो. तिथे एकट्याने बोलून भागत नाही. एका ठेकेदाराकडची पाच-सात मुले मिळून गेली तरच तो ऐकतो.

त्या दिवशी काम संपले तेव्हा सात वाजले होते. आईने त्याला जेवायला बसवले. अर्धे ताट झाले आणि सहाव्या घरचा फोन आला.

२०२४ च्या दसऱ्याला धाकट्या भावाने वॉशिंग मशीन घेतले. दुकानदार म्हणाला, "मुहूर्त आहे, आजच लावून देतो." मुहूर्ताशी आपल्याला काय करायचे? (दसऱ्याच्या सवलतीशी मात्र होते, हे कबूल.) भावाने १५ ऑक्टोबर ही तारीख घेतली. भावजयीची एकच अट होती. तीन दिवस कपडे भावाने धुतले.