तेल खवट का होते?

डब्यात फार दिवस राहिलेल्या तेलाला खवट वास येतो. हवेतील प्राणवायूचा तेलातील असंतृप्त मेदाम्लांशी संयोग होतो व त्यातून उग्र वासाची द्रव्ये निर्माण होतात. उजेड व उष्णता यांमुळे ही क्रिया वेगाने घडते. जुन्या तेलात नवे ओतल्यास नवेही लवकर बिघडते.

तळणीचे तेल वारंवार तापविल्यास त्याचे विघटन होऊन ध्रुवीय संयुगे वाढतात. भारतात १ जुलै २०१८ पासून त्यांची कमाल मर्यादा २५ टक्के आहे. त्यापुढचे तेल वापरण्यास मनाई आहे. फरसाणाच्या व्यापाऱ्याला कढईतील तेल वेळीच बदलणे खर्चाचे वाटते. परंतु तो खर्च वाचविल्यास त्याची किंमत ग्राहकाचे आरोग्य मोजते. घरी तेल घट्ट झाकणाच्या डब्यात, उजेडापासून दूर ठेवावे आणि काळवंडलेल्या तेलाचा मोह सोडावा.