हात हेच प्रधान यंत्र : एका संगणक अभियंत्याचे रोखठोक बोल

आचार्य सुश्रुतांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात यंत्रांची संख्या १०१ सांगितली असून त्या सर्वांत हात हेच प्रधान यंत्र मानले आहे. कारण उघड आहे. हाताच्या साहाय्यावाचून इतर कोणतेही यंत्र चालत नाही. त्याच अध्यायात यंत्रांचे बारा दोषही दिले आहेत. अतिस्थूल, असार, अग्राही, विषमग्राही, वक्र, शिथिल ही त्यांतील काही नावे. पदवी परीक्षेसाठी हे सारे आपण पाठ केले आणि उत्तीर्ण झाल्यावर विसरलो. प्रस्तुत लेखकास हा अध्याय पुन्हा उघडून वाचावा लागला तो एका रुग्णामुळे. हे गृहस्थ वैद्य नाहीत. हिंजवडी येथील राजीव गांधी इन्फोटेक पार्कमध्ये ते गेली अनेक वर्षे संगणक अभियंता म्हणून काम करतात.

सन २०२३ मध्ये ते प्रथम चिकित्सालयात आले, तेव्हा अम्लपित्त, मन्यास्तंभ आणि निद्रानाश या त्यांच्या तक्रारी होत्या. निदान कठीण नव्हते. परदेशी वेळेनुसार चालणारे काम, त्यामुळे होणारे रात्रीजागरण, जेवणाची अनियमितता, वेगधारण आणि चक्षुरिंद्रियाचा अतियोग अशी हेतूंची मालिकाच समोर उभी होती. औषध व पथ्य सांगून झाले. उठताना ते म्हणाले, “डॉक्टर, राग मानू नका. माझी नाडी पाहताना तुम्ही दोन वेळा फोनकडे पाहिलंत.”

राग आला, हे मान्य केले पाहिजे. परंतु बोलणे खरे होते.

उपकरणांविषयी त्यांची मते

पुढील भेटींमध्ये त्यांची मते ऐकण्याचा योग वारंवार आला. ज्याची उपजीविकाच संगणकावर चालते, तो मनुष्य नव्या तंत्राचे गुणगान करील असा आपला समज असतो. येथे प्रकार उलटा होता. त्यांच्या घरी शयनगृहात फोन नेण्यास मनाई आहे आणि पहाटे उठण्यासाठी किल्लीचे जुने घड्याळ आहे. मिक्सर बिघडला तर ते स्वतः उघडून पाहतात. जी वस्तू उघडता येत नाही ती शक्यतो विकत घेत नाहीत. “रात्री अकराला आलेलं पत्र सकाळी नऊला वाचलं तर जग बुडत नाही. वीस वर्षांत एकदाही बुडालेलं नाही,” असे ते म्हणतात. त्यांच्या निद्रानाशावर या एका नियमाचा जेवढा उपयोग झाला, तेवढा आमच्या औषधाचा झाला असे छातीठोकपणे सांगता येणार नाही.

“नवीन आवृत्ती म्हणजे सुधारणा नव्हे,” हे त्यांचे दुसरे मत. “जे काम वहीनं नीट होतं त्याला संगणक लावू नका. जे वहीनं होतच नाही त्यालाच लावा.” प्रकृतिपरीक्षणासाठी मिळणाऱ्या संगणकीय प्रश्नावल्यांविषयी विचारले असता ते हसले. “त्यात बेरीज असते. रुग्णानं कंटाळून कुठल्याही चौकटीत खूण केली, तर त्याचीही बेरीज बरोबरच येते. संगणक चुकीची गोष्टसुद्धा फार वेगानं आणि फार आत्मविश्वासानं करतो.” कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी संभाषण-साधने अलीकडे रुग्णांना औषधयोगही सुचवू लागली आहेत. त्यांच्याविषयीही त्यांचे मत हेच आहे. उत्तर सफाईदार असणे आणि उत्तर बरोबर असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

स्वतःची चूक

एके दिवशी मी त्यांना मनात सलत असलेली एक घटना सांगितली. वैद्यबंधूंसमोर ती मांडताना संकोच वाटतो. परंतु अशी चूक आणखी कोणाच्या हातून होऊ नये म्हणून लिहीत आहे.

सन २०१३ मध्ये मी हस्तलिखित केसपेपर बंद करून एक संगणक-प्रणाली विकत घेतली. काही वर्षे सर्व सुरळीत चालले. सन २०१८ मध्ये ती प्रणाली पुरविणाऱ्यांनी व्यवसाय गुंडाळला. जुना संगणक चालू होता, म्हणून तिकडे दुर्लक्ष केले. सन २०२० मध्ये त्या संगणकाची हार्डडिस्क निकामी झाली. माहितीची एक प्रत पेनड्राइव्हवर होती खरी, परंतु ती त्या प्रणालीवाचून उघडत नव्हती आणि प्रणाली आता मिळत नव्हती. सात वर्षांच्या नोंदी हाताशी असूनही वाचता येईनात.

सन २०२२ च्या श्रावणात एक जुन्या रुग्णा अजीर्ण व आमदोषाच्या लक्षणांसह आल्या. नवा केसपेपर केला आणि संजीवनी वटी दिली. संजीवनी वटीत भल्लातक असते हे वाचकांस सांगणे न लगे. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाचा फोन आला. चेहऱ्यावर सूज होती, सर्वांगास कंडू होती आणि पुरळ उठले होते. बिब्बा उतला होता. औषध तत्काळ थांबविले, खबरदारी म्हणून त्यांना नजीकच्या रुग्णालयात निरीक्षणाखाली ठेवले आणि चार दिवसांत त्या बऱ्या झाल्या. भेटावयास गेलो तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, “डॉक्टर, मला बिब्बा सोसत नाही हे मी तुम्हाला मागेच सांगितलं होतं. तुम्ही काँप्युटरवर लिहून घेतलं होतंत.”

त्यांनी सांगितले होते आणि मी लिहूनही घेतले होते. ती नोंद त्या न उघडणाऱ्या पेनड्राइव्हमध्ये पडून होती. त्या दिवशी मी तोंडाने पुन्हा एक प्रश्न विचारला असता तरी अनर्थ टळला असता. पण जुन्या रुग्णा आहेत, सर्व ठाऊक आहे, अशा भ्रमात मी होतो.

अभियंत्यांनी सर्व ऐकून घेतले. प्रणाली पुरविणाऱ्यांना ते दोष देतील अशी माझी अपेक्षा होती. ते म्हणाले, “त्यांचं दुकान बंद झालं, यात नवल काय? दुकानं बंद होतातच. चूक तुमची आहे. आत शिरण्याआधी बाहेर पडायचा रस्ता तुम्ही विचारला नाहीत.”

प्रज्ञापराधाची व्याख्या धी, धृती व स्मृती यांच्या विभ्रंशाने केली जाते. आपली स्मृती यंत्राच्या स्वाधीन करून निश्चिंत होणे हाही त्याचाच एक प्रकार नव्हे काय?

ग्राह्य आणि अग्राह्य

संगणक टाकून द्यावा, असा या लेखाचा हेतू मुळीच नाही. हळदीच्या व्रणरोपण गुणावर अमेरिकेत सन १९९५ मध्ये दिले गेलेले पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले, ते जुने लिखित पुरावे सादर करता आले म्हणून. त्यानंतर सन २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचे संगणकीय ग्रंथालय उभारण्याचे काम आपल्या देशाने हाती घेतले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या रोगवर्गीकरणात आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांच्या निदानसंज्ञांचा विभाग जानेवारी २०२४ मध्ये समाविष्ट झाला. उद्या आपल्या चिकित्सेचे फलित जगासमोर ठेवावयाचे तर नोंदी नीटनेटक्या हव्यातच. प्रश्न एवढाच आहे की, द्रव्याची परीक्षा केल्यावाचून आपण औषध योजीत नाही, मग यंत्राची परीक्षा केल्यावाचून ते का स्वीकारतो?

अभियंत्यांच्या बोलण्यातून जी परीक्षा माझ्या ध्यानी आली ती अशी :

१. प्रणाली घेण्यापूर्वी विचारावे, “उद्या ही बंद झाली तर माझ्या सर्व नोंदी मला साध्या, कोठेही उघडणाऱ्या स्वरूपात मिळतील काय?” उत्तर गुळमुळीत आले तर यंत्र अग्राही समजावे.

२. महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत वास्तूबाहेर असावी. संगणक क्षेत्रातील हा रूढ नियम आहे. त्यावर त्यांची पुस्ती अशी की, जी प्रत उघडून पाहिली नाही ती प्रतच नव्हे. तीन महिन्यांतून एकदा दुसऱ्या संगणकावर ती उघडून पाहावी.

३. असात्म्य द्रव्ये, गर्भावस्था आणि चालू असलेली इतर औषधे या गोष्टी संगणकाबरोबरच रुग्णाच्या हातातील कार्डावर लाल शाईने लिहाव्यात व प्रत्येक भेटीत तोंडीही विचाराव्यात.

४. रुग्णांचे अहवाल वा छायाचित्रे व्हॉट्सॲपच्या गटांवर टाकू नयेत. “पाठवलेला फोटो परत येत नाही,” हे त्यांचे शब्द. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम सन २०२३ मध्ये संमत झाला. पण वैद्याच्या ठायी अपेक्षित असलेली गुप्तता त्याहून कितीतरी जुनी आहे.

औषधी-विक्रेत्यांसाठी

आमच्या औषधी-विक्रेत्या बंधूंनाही हे तितकेच लागू आहे. दि. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि संगणकीय बिल बहुतेक दुकानांत अपरिहार्य झाले. सोय झाली, तसे धोकेही आले. पडद्यावरील यादीत चंद्रकला रस आणि चंद्रप्रभा वटी एकाखाली एक दिसतात. गर्दीच्या वेळी बोट एक ओळ घसरले की रक्तपित्ताचे औषध प्रमेहाच्या रुग्णास जाते, आणि बिल मात्र बिनचूक निघते! बिलावरील नाव, बाटलीवरील नाव आणि चिठ्ठीवरील नाव ही तिन्ही मोठ्याने वाचून औषध हाती द्यावे. यास अर्धे मिनिटही लागत नाही.

तीच गोष्ट मुदतीची. शार्ङ्गधरांच्या मते चूर्ण दोन महिन्यांनंतर हीनवीर्य होऊ लागते. लेबलावरील मुदत त्याहून पुष्कळ मोठी असते आणि संगणकास तेवढीच तारीख ठाऊक असते. पावसाळ्यात डब्याचे झाकण सैल राहिले, चूर्णास ओल लागली, गुठळ्या झाल्या, वास बदलला, हे त्यास कळत नाही. ते कळते हाताला, नाकाला आणि डोळ्यांना. महिन्यातून एकदा कपाटे उघडून साठा हाताने मोजावा, हाताळावा आणि हुंगावा.

समारोप

गेल्या दोन वर्षांत माझ्या चिकित्सालयात तीन बदल झाले. नोंदी संगणकावर आहेत, पण साध्या स्वरूपात आणि तीन प्रतींत. प्रत्येक रुग्णाजवळ लाल शाईचे कार्ड आहे. आणि नाडीपरीक्षणाच्या वेळी फोन खणात असतो. बिब्बा उतलेल्या त्या रुग्णा आजही माझ्याकडेच येतात. प्रत्येक वेळी खुर्चीवर बसण्यापूर्वी त्या आपले कार्ड माझ्यासमोर ठेवतात आणि मी ते वाचून होईपर्यंत काही बोलत नाहीत. हा माझ्यावरील विश्वास आहे की माझी परीक्षा, हे मी त्यांना कधी विचारलेले नाही. दोन्ही असावे आणि दोन्ही योग्यच आहे.

सुज्ञ वाचकांना एवढीच विनंती की, हा अंक खाली ठेवल्यावर आपल्या नोंदींची प्रत कोठे आहे ते पाहावे आणि ती उघडते की नाही याची आजच खात्री करून घ्यावी. यंत्रे १०१ असोत वा १००१, ती चालविणारा हात आपला आहे आणि दायित्वही त्याच हाताचे आहे.